हद्दीचा दगड

आईला मी कोथिंबीर कितीला आणली तेही सांगते. बहिणीकडे नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी करून झालीयेत. पण ही एक गोष्ट — ही कधी ओठांवर येऊच दिली नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून असेल.

मिलिंद माझा नवरा. नाशिकला आम्ही एकाच कॉलेजात होतो, मग पुण्यात दोघांची एकाच जातीची नोकरी — यंत्रांच्या आत बसणाऱ्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचे. नंतर त्याला सौदीत, हुफूफला काम मिळालं. खजुराच्या बागांमधले पाण्याचे पंप आपोआप चालू-बंद करणारी पेटी बनवणारी लहानशी कंपनी. तो कंपनीच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, आला आणि मी त्याच्या. म्हणजे कागदावर मी कुणाची तरी बायको, बाकी काही नाही. लेकीला, मुक्ताला शाळेच्या बसमध्ये बसवायचं, पोळ्या करायच्या. वाईट होतं का? नव्हतं हो. मिलिंद जीव लावणारा माणूस आहे. पण हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडे चालतं.

एकदा घरी चार मित्र जेवायला होते. कुणीतरी विचारलं, वहिनी काय करायच्या पुण्यात? मिलिंद हसत म्हणाला, "माझ्यापेक्षा भारी कोड लिहायची. आता विसरली सगळं, आता वरणफळं भारी करते!" कौतुकच होतं ते. सगळे हसले, मीही हसले. पण मला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. विसरली म्हणे!

त्याच उन्हाळ्यात त्याच्या पेट्या बिघडायला लागल्या. ऑफिसच्या टेबलावर पेटी शहाण्यासारखी चालायची. बागेत मात्र लाइट जाऊन आली की पंप बंद. खजूर पिकायचे दिवस, पाण्यावाचून झाडं उभी, आणि बागवाले फोनवर फोन. हा बिचारा भर उन्हात बागांतून फिरायचा, तोंड रापून काळं पडलं होतं. घरी आला की ताटावर बसून नुसता भात चिवडायचा. मुक्ता तिच्या शाळेतल्या हिंदीत मला विचारायची, "मम्मी, पापा बात क्यूँ नहीं करते?"

आता जरा किचकट सांगते, पण ते कळल्याशिवाय माझं कळायचं नाही. प्रोग्रामचा कुठला भाग मेमरीत कुठे बसवायचा ते एका वेगळ्या फाइलमध्ये लिहितात, तिला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात. त्यात काही नावं असतात. ती नावं म्हणजे शेतातले हद्दीचे दगड समजा. 'इथे मेमरी संपली' — एवढंच तो दगड सांगतो, त्याच्या पोटात काही नसतं. म्हणून प्रोग्राममध्ये ते नाव वापरताना आधी पत्त्याची खूण लावायची. म्हणजे दगड कुठे आहे, एवढंच विचारायचं. ती खूण लावायची राहिली, तर मशीन दगड उचलून खाली काय पडलंय ते बघतं आणि तिथला केरकचरा उत्तर म्हणून आणून देतं. त्या कचऱ्यावर कधी काम चालून जातं, कधी पंप बंद पडतो. आणि आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा कंपायलर हूं की चूं करत नाही. भल्याभल्यांची ही चूक होते. पुण्यात माझीही झाली होती, म्हणून तर —

थांबा. सांगतेच आहे.

शुक्रवार होता, सुट्टीचा. मी टेबलाशी मेथी निवडत होते. समोर मिलिंद लॅपटॉप घेऊन कपाळ धरून बसलेला. एकाएकी त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. म्हणाला, "बघ ना गं एकदा. तुला काही दिसतंय का?"

किती दिवस मी त्याच शब्दांची वाट बघत होते! त्याने विचारावं, फक्त एकदा विचारावं. आणि त्याने विचारलं. मी वाकून बघितलं. दिसलं हो. मेथीची काडी मोडायला लागेल तेवढाही वेळ लागला नाही. मेमरी जिथे संपते त्या दगडाचं नाव, आणि त्याच्याआधी खूण नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आणि मी म्हटलं, "नाही रे. मला कुठे आठवतंय आता? विसरले मी सगळं."

त्याचाच शब्द त्याला परत दिला. त्याला ते कळलंही नाही. "हं," म्हणाला आणि लॅपटॉप परत वळवून घेतला. मी मेथी निवडत राहिले.

वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत झुलवू आणि चहाबरोबर सांगू. मग सांगितलं का नाही? संध्याकाळी तो अजूनच खचलेला दिसला, आणि वाटलं, आता सांगितलं तर विचारेल, सकाळी का नाही बोललीस? उद्या बघू म्हटलं. उद्याचा परवा झाला. मी मूग गिळून बसले.

मग एक दिवस तो घरी आला आणि बूटसुद्धा न काढता म्हणाला, "खलास. माझ्याच्याने होत नाही हे." साहेबांना सांगून त्याने कोड सोडला होता. स्वतःहून विक्रीकडे गेला. कॉलेजात रात्रंदिवस चिपमध्ये डोकं घालून बसणारा माझा मिलिंद! आणि जाताना साहेबांना काय सांगून आला? "माझ्या बायकोला बघू द्या. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

माझ्या नोकरीच्या परवानगीचे कागद झाले आणि मी त्याच्याच खुर्चीत बसले. चूक तर मला पाठच होती. तरी दोन दिवस शोधल्याचं नाटक केलं, मग खूण लावली. पेट्या चालायला लागल्या. मिलिंदने सगळ्या शेजाऱ्यांना मिठाई वाटली. मला जवळ घेऊन म्हणाला, "मला माहीत होतं, तू विसरली नाहीस." मी रडले. त्याला वाटलं, आनंदाने.

आज मी तिथे मोठ्या पदावर आहे. तो पेट्या विकायला हाइलला जातो, तबूकला जातो, आणि कुणीही नवा माणूस भेटला की तीच गोष्ट सांगतो — मला जन्मात दिसलं नसतं, हिने दोन दिवसांत पकडलं. मुक्तालाही सांगतो. मी समोर उभी असते, ट्रे धरून. त्याच्या डोळ्यांत इतकं कौतुक असतं, की मी स्वयंपाकघरात निघून जाते.

परवा एका गिऱ्हाइकाच्या बिलाचा हिशेब घेऊन तो माझ्याकडे आला. साधी बेरीज होती. "जरा बघतेस का? माझा भरवसा नाही." मी बघितलं. बरोबर होती. बरोबर आहे म्हणून सांगितलं.

"नक्की ना?" त्याने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा येऊन विचारलं, "नक्की ना गं?"