पिंग येत होता, रिपोर्ट नाही

माझा स्वभाव तापट. कॉम्प्युटरवर चिडून उपयोग नसतो, म्हणून मी माणसांवर चिडतो.

आमच्या लॅबचा सर्व्हर काशीमीऱ्याला, मीही तिथेच बसतो. बेव्हर्ली पार्कात रक्त घ्यायचं छोटं सेंटर आहे. तिथे एकच बाई, उत्तनच्या, नोकरीत अजून कायम न झालेल्या. एका सकाळी त्यांचा फोन आला, की एकही रिपोर्ट उघडत नाहीये, पेशंट ताटकळलेत. मी जागेवरूनच त्यांच्या कॉम्प्युटरला पिंग केला. पिंग म्हणजे समोरच्या मशीनला नुसतं 'आहेस का' विचारणं. लगेच उत्तर आलं. झालं, माझं डोकं फिरलं. लाइन व्यवस्थित आहे, तुम्हालाच सॉफ्टवेअर चालवता येत नाही, दोनदा शिकवलेलं डोक्यात राहत नाही का, असं तोंडाला येईल ते बोललो. त्यांचा फोन स्पीकरवर होता. मागे कुणी खोकलेलं मला ऐकू आलं होतं, तरी थांबलो नाही. वर लॅबच्या मालक डॉक्टरांच्या कानावरही घातलं.

तासाभराने डॉक्टर म्हणाले, बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतोय, तू एकदा जाऊन मशीन बघून घे.

गेलो. तिथूनही सर्व्हरला पिंग जात होता. पण रिपोर्ट ज्या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या ज्या दारातून मिळतात, तो उघडेना. साधा नकारही येत नव्हता. म्हणजे सर्व्हरचा फायरवॉल, कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा पहारेकरी, मधेच अडवत होता. त्याचे नियम उघडले. आदल्या दिवशी मीच नवा नियम टाकला होता, यादीतल्या कॉम्प्युटरनाच रिपोर्ट द्यायचे असा. यादीही मीच केलेली. हे सेंटर त्यात घालायचं राहून गेलं होतं.

दोन मिनिटांचं काम. रिपोर्ट भराभर उघडायला लागले. बाईंनी थँक्यू म्हणून मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो तसाच टेबलावर ठेवला. लाज वाटली, खरंच लाज वाटली. चूक माझी होती, असं त्यांना हळू आवाजात सांगितलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मग राहू देत त्यांना. मला वाटलं, सुटलो.

"डॉक्टरांना कळलं, सर," बाई म्हणाल्या. "पण सकाळी तुमचं बोलणं ऐकलं ते या लोकांनी. माझी चूक न्हाय, एवढं यांना सांगा."

बाकावर चौघे पेशंट होते, सकाळपासूनचेच. मी उभा राहून सांगितलं. त्यातल्या नया नगरच्या एका म्हाताऱ्या चाचींना मराठी कळत नव्हतं, म्हणून सगळं पुन्हा हिंदीत सांगावं लागलं.

चाचींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बेटा, हम लोग तो सुबह से देख रहे थे," त्या म्हणाल्या. "देखने को तू ही नहीं आया."