समोर कोण होतं?

जगात हरलेला माणूस अस्तित्वातच नाही असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला, आणि ते रेजिनातले माझे घरमालक काका. परदेशात शिकायला आले तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं राहिले. काका मूळचे अमरावतीचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आता त्यांचं पूर्णवेळ काम म्हणाल तर तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची वेळापत्रकं तपासणं. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडायचा इकडचा खेळ. कोण जिंकलं यात काकांना काडीचा रस नव्हता. कुणी संघाची तारीफ करो की नालस्ती, त्यांचा प्रश्न ठरलेला: "समोर कोण होतं?"

त्यासाठी त्यांच्याकडे पाच जाड वह्या होत्या, दर सामन्याला एक पान. प्रतिस्पर्धी किती तगडा, सामना घरच्या मैदानावर की बाहेरगावी, बसचा प्रवास किती तासांचा, थंडी किती, मध्ये विश्रांती किती दिवस, हे सगळं मांडून ते चाळीस वर्षांपूर्वीचा संघ आणि आजचा संघ शेजारी शेजारी बसवायचे. प्रतिस्पर्धी तगडा की नाही हे ठरवायला त्याचे प्रतिस्पर्धी तपासायचे, मग त्यांचेही. संघ मोजकेच असल्यामुळे फिरून फिरून आमचाच संघ स्वतःच्या विरुद्ध उभा राही आणि काका पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. निकाल मात्र कायम एकच: जुन्यांचं वेळापत्रक जास्त अवघड. "आत्ताच्या पोरांना बसमध्ये फोन चार्ज करता येतो बाप्पा," म्हणायचे, जणू तिथेच वाद मिटला. एकदा जुन्या खेळाडूंचे नेमके किती हाल होत हे कळावं म्हणून ते एकटे गाडी हाकत आठ तासांवरच्या एडमंटनला गेले आणि उतरल्या उतरल्या मैदानाबाहेर वीस पावलं पळाले. वहीत नोंद आहे, 'प्रवासाचा परिणाम: गंभीर.' पुढे आठवडाभर ते जिना कठड्याला धरून आडवे उतरत होते.

गणपतीतसुद्धा सुटका नव्हती. मंडळाच्या मोदक स्पर्धेत एका बाईंना पहिलं बक्षीस मिळालं, तर काका टाळ्या थांबायची वाट पाहून उठले. "मोदक छानच आहेत. पण आता ग्रोसरीत फ्रोझन नारळ मिळतो. आमच्या हिनं पहिले मोदक सुक्या खोबऱ्याच्या किसावर केले होते, त्या काळी इथे ओला नारळ मिळतच नव्हता म्हणून. तेव्हा ही तुलना जपून करावी." काकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या बाईंनी आपल्या मोदकांचा डबा काकांपुढे धरला, आणि काकांनी त्यातले दोन मोदक खाल्ले.

त्या डिसेंबरात मी दोन विषयांत नापास झाले. कॉलेज सोडते असा ईमेल लिहून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता. काकांना सांगायला वर गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मला रडू फुटलं.

"काहून रडून राहिली?"

"काका, मी विथड्रॉ करतेय. घरी परत जाते. मला नाही जमलं."

"समोर कोण होतं?"

"काका, प्लीज. फुटबॉल नको आता."

"बस इथं."

त्यांनी नवं पान काढलं, वर माझं नाव लिहिलं आणि वकिलासारखे एकेक प्रश्न विचारत गेले. कॉफी शॉपमधली पहाटेची शिफ्ट. मग दोन बसेस. उणे तीसची थंडी, ती पण आयुष्यातली पहिली. वर्गापुढे इंग्रजीत प्रेझेंटेशन. दिवाळी, वाढदिवस, आजारपण, सगळं एकटीनं. प्रत्येक ओळीपुढे ते 'बाहेरगावी' लिहीत होते. शेवटी पान माझ्याकडे फिरवलं. "बघ. तुझा एकही सामना घरच्या मैदानावर झालेला नाही."

मग जुनी वही उघडून त्यांनी स्वतःचं पान काढलं. ते या देशात आले त्या सालचं. तसं एक पान असेल हे मला ठाऊकच नव्हतं. दोन्ही पानं शेजारी ठेवून त्यांनी एकेक ओळ बोटानं ताडून पाहिली.

"तुझं जास्त अवघड," काका म्हणाले. "माझ्यावेळी तुझी काकू होती. म्हणजे रोज संध्याकाळी घरचंच मैदान."

चाळीस वर्षांत जुन्या काळाविरुद्ध गेलेला त्यांचा हा पहिला निकाल. तो ईमेल मी खोडून टाकला. पुढच्या टर्मला दोन्ही विषय सुटले, आज मी दूरच्या बर्नाबी शहरात नोकरी करते, आणि हे घडलं ते त्या एका पानामुळे, असं मी कुणालाही न लाजता सांगते.

दर शनिवारी त्यांचा फोन येतो. "या आठवड्यात समोर कोण?" मी माझ्या मीटिंगा सांगते, ते 'सोपं' किंवा 'मध्यम' म्हणतात. परवा मीच विचारलं, "आणि काका, तुमचं वेळापत्रक?"

"माझं काय." ते हसले. "काकू गेल्यापासून सगळे बाहेरगावीच."

स्वतःच्या घरात बसून बोलत होते ते. फोन कानाला तसाच धरून मी रेजिनाचं तिकीट काढलं.

"काका, वहीत लिहा. सप्टेंबरचा दुसरा शनिवार, घरच्या मैदानावर. मी येतेय."

"थांब, पेन घेतो," काका म्हणाले, आणि पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.