गालिचेवाल्यांचं सरप्राइज

ऑफिसात सगळे तिला चौकशीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. पैसेवाल्या माणसांना हवा तसा प्रवास आखून देणं हे तिचं काम. कुणाला बर्फात तंबू हवा आणि तंबूत गरम पाण्याचा टब हवा. कुणाला निर्जन बेट हवं, पण तिथे सकाळचा पेपर वेळेवर यायला हवा. एका गृहस्थांना जंगलात हरवायचं होतं, मात्र जेवणाच्या वेळेआधी सापडायचंही होतं. चौकशीबाई हे सगळं मान डोलावत ऐकून घ्यायची. घरी येऊन पर्स खुंटीला अडकवली की मग तिचं तोंड सुटायचं.

घर दोन खोल्यांचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आपला प्रवास रोज वरखाली होतोच, आणखी कुठे जायचं, असं म्हणायचा. सासूबाई खिडकीजवळच्या खाटेवर बसून सुनेच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी मिटक्या मारत ऐकायच्या. आपला नळ गळायला लागला की आपण माणूस शोधतो आणि हे लोक धबधब्याखाली बसायला विमानाने जातात, असं त्या म्हणायच्या, आणि दोघी सासूसुना पोट धरून हसायच्या.

चौकशीबाईनं नोकरीला सुरुवात केली ती बसच्या तिकीटखिडकीवर. त्या खिडकीच्या जाळीमागे बसून तिला एक गोष्ट कळली होती. माणूस 'कुठे जायचंय' ते मोठ्यानं सांगतो, पण त्याच्या पोटात काय कालवतंय ते खिडकीशी घुटमळणाऱ्या हातांवरून कळतं. म्हणून प्रवास आखायच्या धंद्यात आल्यावर तिनं स्वतःची एक पद्धत पाडली. जाणाऱ्या प्रत्येक माणसाशी ती वेगळं बोलायची. नवऱ्यासमोर बायकोशी नाही आणि आईसमोर मुलाशी नाही. 'तुम्हाला काय आवडतं' हे ती विचारायचीच नाही, कारण आवडीनिवडीबद्दल माणसं बिनदिक्कत थापा मारतात. ती विचारायची, 'तुम्हाला कशाची भीती वाटते?'

आणि माणसं सांगायची. पिळदार मिशांचा एक कंत्राटदार होता, त्यानं आवाज खाली आणून सांगितलं की आपल्याला अंधारात झोप येत नाही. त्याच्या वाळवंटातल्या तंबूत तिनं रात्रभर कंदील लावायची सोय केली आणि बाकीच्यांना सांगितलं की ही तिथली सजावट आहे. एका म्हाताऱ्या बाईंना भीती होती की मुलगा आपल्याला हॉटेलात बसवून एकटाच भटकेल. त्या सहलीत तिनं दोघांचा एकही कार्यक्रम वेगळा ठेवला नाही. मुलगा कुरकुरला, पण म्हातारी परत आली ती टवटवीत होऊन. असली कामं केली की चौकशीबाईला आपल्या धंद्याची लाज वाटायची नाही.

तर अशा या बाईनं आपली पद्धत एकदाच सोडली, आणि ती गालिचेवाल्यांसाठी.

गालिचेवाले म्हणजे गालिच्यांचे मोठे कारखानदार. गडगडाटी हसणारे, भेटेल त्याच्या पाठीवर थाप मारणारे. बायकोचा पन्नासावा वाढदिवस एका बेटावर साजरा करायचा, सगळा गोतावळा घेऊन जायचा, आणि बायकोला मात्र आयत्या वेळेपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही, अशी त्यांची मागणी होती. त्यांना नुसती मेजवानी नको होती. समुद्राच्या तळाशी टेबल मांडायचं, त्यावर काचेच्या पेटीत केक ठेवायचा, आणि बायकोला पाणबुड्यांचा पोशाख चढवून धक्क्यावरून थेट खाली न्यायचं. वरून, खालून, चोहोबाजूंनी कॅमेरे.

चौकशीबाई म्हणाली, की मला एकदा त्यांच्याशी बोलायला हवं. गालिचेवाल्यांनी ते झटकून टाकलं. मग सरप्राइज कसलं? तिच्या वतीनं काय विचारायचं ते मला विचारा. तेव्हा तिनं आपला नेहमीचा प्रश्न त्यांनाच विचारला. ते म्हणाले, "तिला कशाचीच भीती नाही हो. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिली, आता आणखी कशाला घाबरणार?" आणि गडगडाट केला. शेजारी बसलेले ऑफिसचे मालक हसले. चौकशीबाईही हसली.

इथेच ती चुकली. या धंद्यात सरप्राइजचं एक खूळ आहे. ते फोडणं म्हणजे महापाप. ऑफिसातल्या शिपायापासून मालकापर्यंत सगळे अळीमिळी गुपचिळी करून बसतात, आणि ज्या माणसासाठी एवढा खटाटोप चाललाय त्याच एका माणसाला विचारायचं नसतं. याला हे लोक प्रेम म्हणतात. चौकशीबाईला हे कळत होतं, तरी ती त्या पाण्यातल्या टेबलाच्या नादी लागली. टेबलाचे पाय जड कसे करायचे, केकच्या पेटीत पाणी शिरणार नाही असं झाकण कुठून आणायचं, यात ती अशी रंगली की घरी जेवतानाही ताटावर बोटानं नकाशे काढायची. सासूबाईंनी विचारलं, की वाढदिवस नक्की कुणाचा आहे? तिनं ते हसण्यावारी नेलं.

मग बेटावरच्या पाणबुड्याचा फोन आला. बाईंच्या पायाचं माप हवं होतं, कारण पोहायचे पंखे पायात घट्ट बसावे लागतात. चौकशीबाईनं गालिचेवाल्यांना विचारलं. ते गडबडले. मध्यमच असेल, म्हणाले. मध्यम हे काही माप नाही, असं तिनं म्हटल्यावर म्हणाले, की घरी कामवालीला विचारा. जन्म काढला या माणसानं तिच्याबरोबर, अख्ख्या जगाला पायाखाली घालायला गालिचे विकले, आणि बायकोच्या पावलाचं माप कामवालीला ठाऊक. शेवटी असं ठरलं, की चौकशीबाईनं वाढदिवसाच्या बुटांचं माप घ्यायला म्हणून घरी जायचं.

त्या घरात पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुतायचं, इतके जाड गालिचे. बाई मात्र अगदी साध्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी खुर्चीत बसून निमूटपणे पाय पुढे केला. माप झाल्यावर चौकशीबाईला हात धुवायचे होते, म्हणून त्यांनी तिला आतल्या न्हाणीघरात नेलं. संगमरवरी न्हाणीघर, दोन माणसं आडवी होतील एवढा टब, आणि टबात ओळीनं कुंड्या. पानांचा नुसता बहर. कोपऱ्यात प्लास्टिकची बादली, छोटं स्टूल आणि पाणी घ्यायचा मग.

चौकशीबाईनं कुंड्यांचं कौतुक केलं, तेव्हा बाई संकोचून म्हणाल्या, "मी कधी टब भरत नाही. मला पाण्याची फार भीती वाटते."

मग त्यांनी सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. लहानपणी त्या आणि त्यांची धाकटी बहीण तळ्यात पडल्या होत्या. यांना बाहेर काढलं. बहीण सापडली ती दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून नळाखालीसुद्धा डोकं धरवत नाही.

"घरात माहीत आहे सगळ्यांना?" चौकशीबाईनं विचारलं.

"आहे की. हॉटेलात कुठे पोहायचा तलाव असला, की हे मला हमखास ढकलतात. मी ओरडते, सगळे हसतात. मग मीही हसते. काय करणार?"

चौकशीबाई बाहेर आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊन. टेप पर्समध्ये कोंबत ती तशीच कारखान्यावर गेली. वाटेत तिनं स्वतःची समजूत घातली, की माणूस आडदांड आहे, पण त्याला कुणी नीट सांगितलं नसेल. आपण सांगू, तो चपापेल, आपण टेबल वाळूवर मांडू. तिनं सगळं सांगितलं. गालिचेवाले मुळीच चपापले नाहीत.

"माहीत आहे ना," ते म्हणाले. "म्हणून तर हे ठरवलं. तिची ओरड तुम्ही ऐकलेली नाही. अहो, आमच्या घरातली ठरलेली गंमत आहे ती. आणि एकदा खाली गेली की भीतीही मोडेल."

माहीत होतं. एवढा वेळ चौकशीबाई ज्याला अडाणीपणा समजत होती, तो अडाणीपणा नव्हताच. एका बाईचा जीव घाबराघुबरा होताना बघायला गोतावळा गोळा करायचा, आणि त्याला वाढदिवस म्हणायचं. ती मालकांकडे गेली. मालकांनी काखा वर केल्या. डॉक्टर असेल, पाणबुडे असतील, कुणी मरत नाही, म्हणाले. आणि हे सरप्राइज फुटलं तर उद्यापासून ऑफिसात येऊ नका, असंही शांतपणे सांगून मोकळे झाले.

संध्याकाळी ती घरी नुसती धुसफुसत राहिली. भांडी आदळली, नवऱ्यावर विनाकारण डाफरली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न त्या घरात सगळ्यांनाच दिसत होता. नवरा म्हणाला, की मी जादा पाळी घेईन. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की त्या बाईला आणखी कोण सांगणार आहे? कुणीच नाही, चौकशीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या जाड गालिच्यांवरून चालत गेली. या फेरीपायी तिची नोकरी पुढे गेलीच, आणि त्याबद्दल ती कधी हळहळली नाही. तिनं बाईंना काही न लपवता सांगितलं. बेट, धक्का, पोशाख, तळाशी टेबल, कॅमेरे.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "माझ्या मुलीला ठाऊक आहे?"

"कॅमेऱ्यांचं सगळं तीच बघतेय."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी चौकशीबाईकडे सरळ बघितलं. "आणि तुम्ही? तुम्हीही यांनाच विचारलंत. मला नाही."

चौकशीबाईला कानशिलात बसल्यासारखं झालं. ती हो म्हणाली. सारवासारव करायला तोंडात शब्द बरेच आले होते, पण ते तिनं गिळले. जाऊ नका, आजारी आहे म्हणून सांगा, असं ती सुचवू लागली, तर बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. मी आता बोलले तर गंमत म्हणून उडवून लावतील, आणि पुढच्या हॉटेलात पुन्हा ढकलतील, असं त्या म्हणाल्या. मी येणार. तुम्ही फक्त कुणाला कळू देऊ नका, की मला कळलंय.

बेटावर चौकशीबाईनं एकच काम स्वतःच्या अखत्यारीत केलं. पाणबुड्याला बाजूला घेऊन बजावलं, की बाई स्वतःच्या तोंडानं हो म्हणाल्याशिवाय त्यांना पाण्यात घ्यायचं नाही, मग कुणी काहीही म्हणो. पाणबुडा म्हणाला, की हे सांगायलाच नको. तरीही धक्क्यावर उभी असताना तिचा जीव टांगणीला लागला होता.

गोतावळा टाळ्या पिटत जमला. गालिचेवाल्यांनी रबरी पोशाख चढवला होता आणि तो पोटावर ताणून चकाकत होता. त्यांनी छोटंसं भाषण केलं, आमची राणी, आमचं सर्वस्व वगैरे. बाई नेहमीच्या कपड्यांत उभ्या होत्या. पाणबुड्यानं पोशाख पुढे धरून त्यांना विचारलं, की यायचंय का. उत्तराची वाट न बघता गालिचेवाल्यांनी भावांना खूण केली. दोघे दीर बाह्या सरसावून हसत पुढे झाले.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

आवाज चढवला नव्हता, तरी दीर जागच्या जागी थांबले. बाई लेकीकडे वळल्या. लेकीनं कॅमेरा खाली घ्यायला सुरुवात केली होती.

"चालू ठेव," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठीच आणलायस ना?" आणि कॅमेऱ्यात बघून त्या बोलल्या. "मला पाण्याची भीती वाटते. माझी बहीण पाण्यात गेली. हे यांना लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. इथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मला ढकलत आलात आणि मी बुडताना तुम्ही हसत आलात. मी आज पाण्यात उतरणार नाही, आणि यापुढे मला कुणी ढकललं तर त्या घरात मी परत येणार नाही."

गालिचेवाल्यांनी ओठ ताणले आणि इकडेतिकडे बघितलं.

"अगं, गंमत होती," ते म्हणाले.

"हो का?" बाई म्हणाल्या. "मग हसा ना."

आणि त्या थांबल्या. एकेकाकडे बघत, अगदी सवडीनं, नवऱ्याकडे, दिरांकडे, जावांकडे. कुणीच हसलं नाही. लेकीनं कॅमेरा बंद केला नाही.