बोळवणीआधी थांबणारं गाणं

माझे वडील गोंधळी. लग्नघरी गोंधळ घालायचे आणि बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर बसून संबळ वाजवायचे. दोन हजार सालानंतर कधीतरी तिथे केसांचा बुचडा बांधलेला एक पोरगा लॅपटॉप आणि माइक घेऊन आला. "काका, जगभरातले रस्त्यावरचे कलाकार मिळून एक गाणं करतायत. त्यात तुमचा संबळ हवाय."

मी, त्यांची मुलगी, शेजारीच बसले होते. मला तो अजिबात पटला नाही. उगाच गोड बोलणारा माणूस काहीतरी न्यायलाच येतो, हे माझं मत आजही तसंच आहे. त्याने वडिलांच्या कानांवर हेडफोन चढवले. आत कुठल्याशा देशातला गिटारवाला वाजवत होता. वडिलांनी संबळावर थोडी साथ करून पाहिली आणि हेडफोन काढले.

"हा गडी माझं ऐकतच नाय. मी हात चढवला, तरी हा आपला त्याच चालीत. लय घमेंडी हाय."

"काका, तो इथे नाहीये. त्याने आधीच वाजवून ठेवलंय."

"मंग मला कशाला बसवता?"

बरीच मनधरणी झाली. शेवटी वडिलांनी अट घातली. गोंधळात आधी तुळजापूर, माहूर, वणीच्या गडावरून देवांना बोलावतात आणि शेवटी संबळ वाजवूनच त्यांची बोळवण करतात. "बोलावलं आन् धाडलं नाय, तर देव तिथंच अडकून पडतील. बोळवण घेणार आसाल तर वाजवतो." पोरगा लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की माझा संशय पक्का झाला.

वडिलांनी जीव ओतून वाजवलं. गिटार थांबल्यावर ते डोळे मिटून एकटेच बोळवण वाजवू लागले, आणि पोराने हळूच माइक खाली घेतला. मी नंतर तसं सांगितलं तर वडील माझ्यावरच चिडले. "कबूल केल्यावर कोण आसं करंल?"

काही महिन्यांनी सीडी आली. संबळ असा काही घुमला की आईचे डोळे भरले. मग गिटार थांबली आणि गाणंही थांबलं. वडील उठले, खुंटीवरचा संबळ काढला आणि तिथेच बसून बोळवण वाजवली. पुढे घरात सीडी लागली की हे ठरलेलंच होतं. पाहुणे हसायचे.

आता वडील नाहीत. त्यांच्या हाताचा आवाज फक्त त्या सीडीत उरलाय. फार आठवण आली की मी ती लावते. बोळवण मला पाठ आहे, ओट्यावर बोटांनीसुद्धा वाजवता येईल. पण मी वाजवत नाही. गाणं थांबायच्या आत उठून दाराला कडी लावते. आलेल्या देवांमध्ये वडीलही असतील असा मला संशय आहे, आणि त्यांना मी परत धाडणार नाही.