अंगठ्याखालची माझी सही

बहारीनमध्ये मी एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात कामगारांचे रजेचे अर्ज बघायचो. निम्म्यांना सही येत नसे. ते शाईच्या पॅडवर डावा अंगठा दाबून अर्जावर टेकवायचे. मी शेजारी ‘डाव्या हाताचा अंगठा’ असं लिहून खाली साक्षीदार म्हणून ऐटीत सही ठोकायचो. ती माणसं पाठमोरी झाली की आम्ही पदवीधर त्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हसायचो. हसण्याएवढं आमच्याकडे काय होतं, ते आता आठवत नाही.

नव्वदच्या दशकात समुद्रतळाचा अभ्यास करणारे एक जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ राजधानी मनामातल्या एका हॉटेलात व्याख्यानाला आले. मानेखालचं त्यांचं शरीर जवळजवळ हलत नव्हतं. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने त्यांचं पुस्तक दोनदा वाचलं होतं. तिला त्यांची सही हवी होती. पास मात्र एकच, तोही साहेबांनी दिलेला, माझ्या नावाचा. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं ते नाइलाजाने. घरातल्या प्रत्येक वस्तूवर, डब्यांच्या बुडावरसुद्धा, नाव घालायची मला खोड होती.

“बाबा, प्लीज, डोन्ट राइट एनिथिंग इन इट,” ती म्हणाली.

मी तिथल्या लोकांसारखं ‘इंशाल्ला’, म्हणजे देवाची मर्जी असेल तर, म्हणून विनोद केला. ती हसली नाही.

हॉलमध्ये आमच्या ऑफिसातली मंडळी सफारी घालून पुढच्या रांगा अडवून बसली होती. व्याख्यान कुणाला कळलं नाही. कळल्यासारखी मान मात्र सगळ्यांनी डोलावली, मी सगळ्यात जोरात. संपल्यावर फोटोसाठी झुंबड उडाली. एकाने तर त्यांच्या चाकाच्या खुर्चीवर कोपर टेकवून, पानाच्या टपरीवर उभा असल्यासारखा फोटो काढून घेतला.

माझी पाळी आली. मी पुस्तक उघडलं आणि पेन सरळ त्यांच्या बोटांत खुपसलं. तासभर समोर बसून बघितलं होतं, तरीही. पेन खाली पडलं. त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी ते उचलून मला परत दिलं, पर्समधून शाईचं पॅड काढलं आणि त्यांचा अंगठा हळूच धरून कोऱ्या पानावर टेकवला.

पुढचं माझ्या हाताने केलं, डोकं त्यात नव्हतंच. ठशाशेजारी मी ‘डाव्या हाताचा अंगठा’ असं इंग्रजीत लिहिलं, खाली सही ठोकली, तारीख घातली. अंगठा उजवा होता. सवय डाव्याची होती. रबरी शिक्का खिशात असता तर तोही उमटवला असता.

शास्त्रज्ञ बघत होते. ते काही पुटपुटले. बाईंनी ते मला मोठ्याने सांगितलं.

“ते विचारतायत, मी तुमच्यासमोरच बसलोय. साक्षीदार कशाला?”

इतक्या वर्षांत एकाही कामगाराने मला हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी त्याचा अर्ज तळाशी सारला असता.

जिदहफ्स भागातल्या आमच्या घरी मुलगी दारातच उभी होती. तिने पुस्तक घेऊन ते पान उघडलं. ठसा पुसट होता, माझी सही ठळक होती. मी तिला ऑफिसचा नियम समजावू लागलो, तशी ती आत गेली. ब्लेड आणि पट्टी घेऊन बसली आणि ठशाला धक्का न लावता माझं अक्षर, सही, तारीख, सगळं चौकोनी कापून काढलं. तो तुकडा तिने माझ्यापुढे ठेवला.

“धिस इज युअर्स,” ती म्हणाली.