शेणातले भुंगे

महादूभाऊंनी काठीच्या टोकानं शेणाचा पो उलटा केला. खाली काही नव्हतं.

"आठ रोज झाले याले, साहेब. तसाच पडून हाये."

महादूभाऊ अमडापूरजवळच्या एका गावाचे ढोरकी. गावभरची गुरं ते रोज गायरानात चारायला न्यायचे. मी पंचायत समितीत शेतीचा विस्तार अधिकारी. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती.

पावसाळ्यात शेणात काळे भुंगे येतात. शेणाच्या गोळ्या करून जमिनीत पुरतात. खत खाली जातं, बिळांतून पाणी मुरतं, गवत धरतं. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. महादूभाऊंनी सांगितलं, आदल्या पावसाळ्यात, मी गायरानात कीटकनाशक पावडर मारायला गेलो तेव्हा. नाकतोडे पडीक जमिनीत अंडी घालतात, पिल्लं तिथून ज्वारीत शिरतात, म्हणून पावडर.

"ज्वारीवर मारा ना, साहेब. इथं काऊन? भुंगे मरतीन."

"भुंग्यांचं काय घेऊन बसलात!" मी म्हणालो. गोडाऊनमधली पोती संपवायची होती मला.

पुढच्या पावसाळ्यात गवत विरळ आलं. गाई आटल्या. गाव म्हणू लागलं, ढोरकी झाडाखाली झोपतो.

मी बीडीओ साहेबांकडे गेलो.

"साहेब, चूक आपली आहे. गावात सांगून टाकतो."

"सांगा. मग पुढच्या वर्षी पावडर कोण घेईल? आणि भुंगे मेले म्हणून गवत गेलं, हे सिद्ध करता येईल तुम्हाला?"

नव्हतं करता येणार. तेवढं निमित्त मला पुरलं.

गावाची बैठक पारावर झाली. मला खुर्ची दिली होती. महादूभाऊ खाली बसले होते.

"तीस साल झाले, ढोरं चारून राह्यलो. मले झोपलेलं कोनं पाह्यलं?" एवढंच ते बोलले. एकदा माझ्याकडे पाहिलं. पावडरीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

गावानं ढोरकी बदलला. महादूभाऊ खामगावला कापसाच्या जिनिंगात हमालीला गेले. जाताना म्हणाले, "भुंगे आले तर मले कळवा, साहेब."

तिसऱ्या पावसाळ्यात आले. ओल्या शेणाखाली ताजी माती उकरलेली दिसली. मी तसाच खामगावला गेलो. जिनिंगातला मुकादम म्हणाला, "म्हादू? तो तं उन्हाळ्यातच वारला, साहेब."

पुढं खात्यातल्या नव्या पोरांना मी सांगत आलो, पावडर मारण्याआधी ढोरक्याला विचारा. मला विचारायचीही गरज पडली नव्हती. महादूभाऊंनी आपणहून सांगितलं होतं.