हिरव्या दोऱ्यातला भाऊ

कॅनडातल्या वॉटर्लूत मी मॉलमधल्या अल्टरेशनच्या दुकानात पँट्स आखूड करायचे. मराठी मंडळातल्या लोकांसमोर हे निघालं की नवरा हळूच हवामानावर घसरायचा. पुण्यात मी कॉलेजात शिकवत होते. इथे त्या अनुभवाला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही, आणि बेसमेंटमध्ये नुसती बसून राहिले असते तर मला वेड लागलं असतं. शिवण येत होतं, ते कामाला आलं. शेजारच्या मशीनवर एक मेक्सिकन बाई बसायची. तिचं इंग्रजी तोडकं, माझं पुस्तकी. पण दोघींची चिडचिड त्याच त्याच गोष्टींवर व्हायची, त्यामुळे आमचं लवकर जमलं.

तिचा धाकटा भाऊ तिकडे मेक्सिकोत छापे करायचा. रबरासारख्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर चेहरा कोरायचा, शाई लावून पातळ कागदावर उठवायचा आणि खळ लावून गावातल्या भिंतींवर चिकटवायचा. चेहरे त्या भागातून नाहीशा झालेल्या माणसांचे. कुणी विद्यार्थी, कुणी ट्रक ड्रायव्हर, एक शाळेतली बाई. सरकार म्हणायचं, पळून गेले असतील. हा म्हणायचा, मग त्यांची तोंडं रोज बघा. नगरपालिकेची माणसं त्यावर चुना फासायची, हा आणि त्याचे मित्र पुन्हा चिकटवायचे. एका दुपारी तो खळीसाठी पीठ आणायला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. मग मित्रांनी त्याचाच चेहरा कोरला. बहीण, म्हणजे माझी ही मैत्रीण, पोलिसांकडे खेटे घालायला लागली, तेव्हा तिला धमक्या आल्या, आणि ती कॅनडात आली. आई मात्र गाव सोडायला तयार झाली नाही. तिच्यासारख्या आणखी आयांबरोबर ती माळरानं खणत हिंडायची, कुठे पुरलेलं काही सापडतंय का ते बघायला.

तिकडे अशा घरांतल्या बायका भर चौकात बसून पांढऱ्या रुमालांवर नावं भरतात. माणूस कोण, कुठे शेवटचा दिसला, अंगावर काय होतं, सगळं सुईदोऱ्यानं. रुमाल दोरीवर वाळत घातल्यासारखे लावतात, आणि येणारा-जाणारा कुणीही बसून चार टाके घालू शकतो. नियम एकच. मारला गेल्याचं नक्की कळलं असेल त्याचं नाव लाल दोऱ्यानं, आणि जो सापडलेला नाही त्याचं हिरव्यानं. हिरवा आहे तोवर माणूस जिवंत धरायचा.

मैत्रिणीने इथेही तेच सुरू केलं. रविवारी लायब्ररीसमोरच्या बाकांवर ती, आणखी दोन मेक्सिकन बायका आणि मी. गावात ट्रेनचे रूळ टाकायची ती वर्षं होती, निम्मं गाव खणून ठेवलेलं. धुरळ्यातून लोक घाईघाईने जायचे आणि आम्ही काही विकतोय असं समजून "नो थँक्यू" म्हणायचे. मला इतका राग यायचा की सुई बोटात घुसायची. मैत्रीण शांतपणे दोरा ओवायची.

भावाचा रुमाल मात्र ती कुणाला देत नसे. त्याचं नाव निम्म्यावर येऊन थांबलं होतं. चार टाके घालायचे, दोन उसवायचे, असं चाललेलं. एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं, होऊ दे की एकदाचं पुरं."

"पुरं झाल्यावर रविवारी मी काय करू?" ती म्हणाली.

मग शहरातल्या एका गॅलरीला आमचा शोध लागला. मेक्सिकोतली आजची कला आणि प्रतिकार, असं प्रदर्शन भरवायचं होतं. भिंतीवरचे छापे, मोर्च्यातले मुखवटे, आणि आमचे रुमाल. गॅलरीच्या बाईसाहेब फार गोड बोलायच्या. मैत्रिणीने त्यांना लाल-हिरव्याचा नियम सांगितला, तो त्यांनी छातीवर हात ठेवून ऐकला. भावाचा रुमाल फक्त टांगायचा, त्याला कुणी सुई लावायची नाही, हेही तिने दोनदा सांगितलं. "ऑफ कोर्स," म्हणाल्या, आणि फोटो काढण्यासाठी सगळे रुमाल घेऊन गेल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी कार्यशाळा ठेवली. शनिवारी आमच्या दुकानात गर्दी, सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. बाईसाहेबांना देशोदेशीच्या बायका हव्या होत्या, फोटोत बरं दिसतं. म्हणून त्यांनी मराठी मंडळालाही बोलावलं. मंडळाच्या काकू, आमच्यात सगळ्यांत हौशी, पाच-सहा जणींना गाडीत कोंबून वेळेवर हजर. काकूंचा भरतकामातला हात असा, की मागची बाजू कुठली आणि पुढची कुठली ते कळू नये. टेबलावर सगळ्या रंगांचे दोरे आणि सगळेच्या सगळे रुमाल मांडून ठेवलेले. नियम सांगायला कुणी नाही, बाईसाहेब फोटोग्राफरच्या मागे. काकूंना एका रुमालावर अर्धवट नाव दिसलं. अर्धवट टाकलेलं काम त्यांना बघवत नाही.

मंडळाच्या ग्रुपवर त्यांनीच संध्याकाळी फोटो टाकला. त्यात भावाचा रुमाल होता, नाव पुरं झालेलं, उरलेलं निम्मं लाल दोऱ्यानं. तसाच फोन लावला.

"काकू, लाल दोरा कुणी दिला तुम्हाला?"

"मीच चूज केला गं! हिरव्यावर लाल किती उठून दिसतं! आणि कुंकवाचा रंग, सो ऑस्पिशस. कुणाचं तरी लेकरू मिसिंग आहे म्हणाले, तर मी अथर्वशीर्ष म्हणत म्हणत फिनिश केलं. सुखरूप घरी येऊ दे बिचारा."

"काकू, त्यांच्यात लाल म्हणजे मेलेला."

काकू म्हणाल्या, "अगं बाई! मला कुणी एक्सप्लेनच केलं नाही गं." आणि रडायलाच लागल्या.

मैत्रिणीला मी त्याच रात्री कळवलं, आणि सोमवारी आम्ही तिघी गॅलरीत गेलो. काकूंच्या पर्समध्ये कात्री होती. तोवर रुमाल फ्रेममध्ये जाऊन बसलेला. निम्मं नाव हिरवं, निम्मं लाल. तोच फोटो पोस्टरवर, आणि पोस्टर इंटरनेटवरून सगळीकडे गेलेलं. मैत्रिणीने सरळ मागितला, तो मला परत द्या, मला उसवायचाय.

बाईसाहेबांचा चेहरा कनवाळू झाला. उसवणं म्हणजे एका स्त्रीच्या हातांचा आवाज पुसणं, त्या म्हणाल्या. इथे दोन संस्कृती एकमेकींशी बोलल्या आहेत, हे अनमोल आहे.

काकू पुढे झाल्या. "मॅडम, दोज आर माय हँड्स. आय मेड अ मिस्टेक. प्लीज."

बाईसाहेबांनी काकूंचे हात हातात घेतले आणि कलेत चूक नावाची गोष्टच नसते असं सांगितलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! भाऊ हिचा, हात काकूंचे, आणि मोठं मन गॅलरीचं. त्यांच्या भिंतीवर त्या गावच्या चुना फासलेल्या भिंतींचे फोटो होते, चुन्याखालून चेहरे डोकावणारे. त्याच फोटोंखाली उभं राहून त्या एका बहिणीला नाही म्हणत होत्या.

"तो माझा भाऊ आहे," मैत्रीण म्हणाली.

"म्हणूनच तर," बाईसाहेब म्हणाल्या.

उद्घाटन रविवारी दुपारी झालं. वाइन, चीज, मेक्सिकन म्हणून आणलेले कसलेसे चिप्स. लोक रुमालासमोर थांबायचे, मान तिरपी करायचे, काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. मैत्रीण रोजच्या कपड्यांतच आली. कुणाशी न बोलता तिने फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागचा पुठ्ठा काढला आणि जमिनीवर मांडी घालून काकूंचे टाके उसवायला बसली. मला वाटलं आता कुणीतरी तिला उचलून बाहेर काढणार. पण लोकांनी गोल केला, मोबाइल वर झाले. त्यांना तो कार्यक्रमच वाटला. बाईसाहेब हात बांधून कौतुकाने बघत राहिल्या. मी ओरडले, "धिस इज नॉट अ शो!" त्यालाही टाळ्या पडल्या. इतकी लाज आणि इतका संताप मला एका वेळी कधी आला नव्हता. काकू तिच्याशेजारी वाकून बसल्या आणि उसवलेले दोरे एकेक करून उचलत राहिल्या.

शेवटचा लाल टाका निघाला तेव्हा मला वाटलं, चला, आपण जिंकलो. रुमाल घडी करून तिने ब्लाउजच्या आत ठेवला आणि आम्ही बसने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. गावात भावाच्या मित्रांपर्यंत ते पोस्टर कधीच पोहोचलं होतं, आणि त्यांनी ते आईला दाखवलं होतं. आईला वाटलं, मुलीला तिकडे नक्की काहीतरी कळलंय आणि तोंडानं सांगवत नाही म्हणून तिनं दोऱ्यानं सांगितलं. तिने पाद्रीबाबांना बोलावून मेलेल्यासाठीची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली होती. मुलाचा फोटो त्याच्या वारलेल्या वडिलांच्या फोटोशेजारी नेऊन ठेवला होता. आपण फोटोला हार घालतो, तसंच ते.

मैत्रीण भराभर बोलत होती. रुमाल काढून कॅमेऱ्यासमोर धरला, पुन्हा हिरवाच आहे म्हणून दाखवला. मला स्पॅनिश फारसं येत नाही, पण 'चूक' हा शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणते आहे एवढं कळत होतं. आई आनंदाने रडेल याची मी वाट बघत होते. ती हळू आवाजात फक्त दोन वाक्यं बोलली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मैत्रिणीने मशीनखाली कुणाची तरी पँट सारली.

"म्हणाली, मला झोप लागायला लागली होती. तू हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."